सॅटिनचे कपडे घरी धुताना: गोव्याच्या हवापाण्यात चमक टिकवण्याची पद्धत

गोव्यात सॅटिनचा कपडा नाही असे घर शोधावेच लागेल. ख्रिस्ती लग्नातील वधूचा गाऊन, साडीखाली नेसायचा परकर, कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी शिवलेला पोशाख, जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात होणाऱ्या नाटकातील राजाचा अंगरखा, किंवा अलीकडे सर्रास वापरले जाणारे रात्रीचे कपडे आणि उशांचे अभ्रे, या सगळ्यांत सॅटिन असते. यांपैकी बरेच कपडे चार-सहा धुण्यांतच निस्तेज होतात आणि दोष कापडाला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कापड ठीक असते. धुण्याची, वाळवण्याची आणि इस्त्रीची पद्धत त्याला मानवलेली नसते. प्रथमच सॅटिनचा कपडा हाती आलेल्यांसाठी ती पद्धत येथे क्रमाने दिली आहे.

सुरुवातीला हे कापड चमकते कशामुळे, ते समजून घ्यावे, कारण पुढची प्रत्येक सूचना त्यावरच उभी आहे. साध्या विणीत उभा धागा एका आडव्या धाग्याच्या वरून आणि पुढच्याच्या खालून जातो. सॅटिनच्या विणीत तोच धागा चार किंवा सात आडव्या धाग्यांवरून सरळ पुढे जातो आणि मग एकाच धाग्याखाली शिरतो. त्यामुळे पृष्ठभागावर लांब, सरळ, एकमेकांना खेटून असलेले धागे उघडे राहतात, त्यांच्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परततो आणि कापड चमकताना दिसते. उघडे असल्यामुळेच हे धागे नखाला, बांगडीला किंवा भिंतीच्या खरबरीत गिलाव्याला चटकन अडकतात. चमक जाण्याची कारणे प्रामुख्याने तीन आहेत: धागा घासून खरबरीत होतो, उष्णतेने दबतो किंवा मुरडतो, किंवा त्याच्यावर साबणाचा, तेलाचा अथवा पाण्यातील क्षारांचा थर बसतो. पहिल्या दोन प्रकारांत गेलेली चमक परत येत नाही. तिसऱ्या प्रकारात ती बरीचशी परत आणता येते.

पहिली पायरी: धागा कोणता ते ओळखणे

सॅटिन हे विणीचे नाव आहे. धागा रेशमाचा, पॉलिएस्टरचा, नायलॉनचा, रेयॉनचा किंवा ॲसिटेटचा असू शकतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या दुकानांत वारावर, म्हणजे यार्डाच्या मापाने कापून मिळणारे स्वस्त सॅटिन जवळजवळ नेहमी पॉलिएस्टरचे असते आणि ते घरी धुण्यास सर्वांत सोपे असते. रेशमी सॅटिन घरी धुता येते, पण सांभाळून. ॲसिटेटच्या बाबतीत मी नवख्यांना घरी धुण्याचा सल्ला देत नाही, कारण हा धागा ओला झाला की फार दुबळा होतो आणि त्यावर एकदा पडलेली घडी सहसा निघत नाही. जुन्या गाऊनच्या आणि कोटाच्या अस्तरात तो पुष्कळदा आढळतो.

तयार कपड्याच्या आतल्या शिवणीत चिठ्ठी असते. तिच्यावरील पाण्याच्या टबाचे चित्र म्हणजे धुता येते, टबातील आकडा म्हणजे पाण्याचे कमाल तापमान, टबात हात असेल तर फक्त हाताने धुवावे, आणि टबावर फुली असेल तर घरी पाण्यात घालू नये. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. चौकोनातील वर्तुळ ड्रायरसाठी असते. इस्त्रीच्या चित्रातील एक टिंब सुमारे ११० अंश, दोन टिंबे १५० अंश आणि तीन टिंबे २०० अंश सेल्सिअस कमाल तापमान दर्शवतात. वर्तुळातील पी हे अक्षर ड्रायक्लीनिंगची सूचना देते.

वारावर घेतलेल्या कापडाला चिठ्ठी नसते, तेव्हा शिंप्याकडून उरलेले कातरण मागून घ्यावे आणि त्यातील चार-पाच धागे चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर, पंखा बंद करून काडीने पेटवावेत. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळते, काळा धूर सोडते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी बनतो. ॲसिटेटही वितळते, पण त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. रेयॉन कागदासारखे भुरभुर जळते आणि मऊ करडी राख सोडते. एवढी परीक्षा घरच्या वापराला पुरेशी आहे. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावात ॲसिटोन असते आणि ॲसिटेटचा धागा त्यात विरघळतो. त्यामुळे लग्नाच्या सकाळी गाऊन अंगावर चढवल्यानंतर नखे रंगवण्याचा किंवा पुसण्याचा उद्योग करू नये.

दुसरी पायरी: पाणी

याकडे गोव्यात विशेष लक्ष द्यावे लागते. जांभ्या दगडाच्या भागातील काही विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात लोहाचा अंश असतो आणि तो पांढऱ्या किंवा मोतिया रंगाच्या सॅटिनवर पिवळट झाक आणतो. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि असे क्षारयुक्त पाणी साबणाशी मिळून कापडावर राखाडी थर सोडते. पावसाच्या पहिल्या आठवड्यांत नळालाही कधी कधी गढूळ पाणी येते. पांढऱ्या बादलीत पाणी भरून रात्रभर तसेच ठेवावे; सकाळी तळाशी तांबूस गाळ दिसला, तर त्या पाण्यात सॅटिन धुऊ नये. अशा वेळी पिण्यासाठी गाळलेले चार-पाच लिटर पाणी निदान शेवटच्या खळबळण्यासाठी राखून ठेवावे.

पाणी थंड किंवा जेमतेम कोमट, म्हणजे ३० अंशांच्या आत असावे. हे सांगायला सोपे आहे, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देण्याइतके तापलेले असते आणि गीझर लावलेला नसला तरी कपडा गरम पाण्यातच धुतला जातो. म्हणून उन्हाळ्यात सॅटिन सकाळी लवकर धुवावे, किंवा आदल्या रात्री बादली भरून ठेवावी.

तिसरी पायरी: पूर्वतयारी

अंगठी, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवावे. हात खरखरीत असतील तर पातळ रबरी हातमोजे घालावेत. बादली किंवा टब प्लॅस्टिकचा, आतून गुळगुळीत असावा. गंजलेली बादली आणि धुण्याचा दगड या दोन्ही गोष्टी सॅटिनपासून दूर ठेवाव्यात. कपड्याची चेन लावावी, हूक अडकवावेत आणि कपडा उलटा करावा. गडद लाल, निळा किंवा काळा रंग असेल तर पांढरे ओले फडके आतल्या शिवणीवर अर्धा मिनिट दाबून धरावे. फडक्याला रंग लागला, तर तो कपडा नेहमी एकटाच धुवावा. मणी, टिकल्या किंवा जरतार चिकटवलेली असेल, जसे नाटकाच्या पोशाखांत हमखास असते, तर पाण्याने डिंक सुटतो. अशा कपड्याचे केवळ डागाळलेले भाग ओल्या फडक्याने टिपून घ्यावेत आणि आतून हवेशीर वाळवावे.

साबण सौम्य आणि द्रवरूप घ्यावा. रेशमासाठी लोकरी-रेशमी कपड्यांचा खास द्रव साबण उत्तम, कारण रोजच्या अनेक पावडरींमध्ये प्रथिनांचे डाग तोडणारी एन्झाइम असतात आणि रेशीम हे स्वतःच प्रथिन आहे. क्लोरीनचे ब्लीच रेशमाचा आणि नायलॉनचा नाश करते. साबणाची वडी कापडावर घासण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी. रिठ्याचे पाणी रंगीत रेशमाला चांगले मानवते, परंतु पांढऱ्यावर ते किंचित तपकिरी झाक ठेवते, म्हणून वधूच्या गाऊनसाठी नको.

चौथी पायरी: धुणे

पाच लिटर पाण्यात चहाचा एक चमचा द्रव साबण पुरतो. तो आधी पाण्यात नीट मिसळावा आणि मगच कपडा बुडवावा, नाहीतर दाट साबण एकाच जागी बसून तेथे ठिपका राहतो. तीन ते पाच मिनिटे कपडा भिजू द्यावा. तासन्‌तास भिजत घालू नये, कारण त्यामुळे रंग सुटतो आणि सुटलेला मळ पुन्हा कापडावर बसतो. नंतर तळहात पसरून कपडा पाण्यात वर-खाली दाबावा. गळा, काख आणि खालची किनार येथे मळ जास्त असतो. तेथे साबणाचे पाणी बोटांच्या पेरांनी हलके थापटावे. ब्रश वापरू नये, कापडावर कापड घासू नये.

धुण्याचा सगळा जोर आपल्याकडे आपटण्यावर आणि पिळण्यावर असतो, आणि सॅटिनला नेमके हेच सोसत नाही. ओले रेशीम कोरड्या रेशमापेक्षा कमकुवत असते, रेयॉन तर ओले असताना आपली ताकद बरीच गमावते. अशा वेळी दिलेला पीळ धाग्यांना जागचे हलवतो आणि वाळल्यावर तेथे आडव्या-तिडव्या निस्तेज रेघा दिसतात.

यंत्रात धुवायचेच असेल तर ते फक्त पॉलिएस्टरच्या सॅटिनसाठी. कपडा उलटा करून बारीक जाळीच्या पिशवीत घालावा, नाजूक कपड्यांचे थंड पाण्याचे चक्र निवडावे, फिरकीचा वेग मिनिटाला ४०० ते ६०० फेऱ्यांपर्यंत ठेवावा, आणि यंत्र अर्धेच भरावे. जीन्स आणि टॉवेल त्याच्या सोबत टाकू नयेत, कारण त्यांच्याशी होणारे घर्षण यंत्राच्या फिरण्यापेक्षाही जास्त बाधते.

पाचवी पायरी: खळबळणे

फेस दिसेनासा होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन वेळा, स्वच्छ थंड पाण्यात कपडा बुडवून काढावा. निस्तेजपणाचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे राहून गेलेला साबण. वापरून मळकट दिसू लागलेले बरेच परकर फक्त दोनदा जास्त खळबळल्याने उजळतात. रेशमाच्या शेवटच्या पाण्यात लिटरमागे चहाचा एक चमचा पांढरे व्हिनेगर घातल्यास साबणाचा उरलेला अंश निघून जातो. त्यानंतर एकदा साध्या पाण्यातून काढावे. स्वयंपाकघरातील माडाच्या सुरेचे व्हिनेगर येथे वापरू नये. विंदालूला ते लाख मोलाचे असले, तरी त्याचा रंग पांढऱ्या कापडाला लागतो. ॲसिटेटला कोणतेच व्हिनेगर लावू नये. कापड मऊ करणारे द्रव, नीळ आणि खळ यांचीही गरज नाही, कारण तिन्ही धाग्यांवर थर चढवतात.

सहावी पायरी: वाळवणे

कपडा पाण्याबाहेर काढताना दोन्ही हातांखाली घेऊन उचलावा, एका टोकाला धरून लोंबकळत ओढू नये. जाड पांढऱ्या टॉवेलवर तो पसरावा, टॉवेलसकट सैल गुंडाळावा आणि वरून दाबावा. पाणी टॉवेलात शोषले जाते. मग लगेच उलगडून सावलीत वाळत घालावा. काथ्याच्या दोरीवर धागे अडकतात आणि तारेचा गंज कापडात उतरतो, म्हणून प्लॅस्टिकची जाड दोरी किंवा रुंद खांद्यांचा हँगर घ्यावा. चिमट्यांचे वळ पडतात. लावायचेच असतील तर शिवणीवर लावावेत. रेशमी गाऊनसारखा वजनदार कपडा टांगल्यास स्वतःच्या भाराने ओघळतो, त्यामुळे तो आडवा पसरूनच वाळवावा. गोव्याचे ऊन रेशमाला पिवळे करते आणि रंग उडवते, तेव्हा अंगणात कडकडीत ऊन असले तरी तो मोह टाळावा.

जून ते सप्टेंबर या काळात प्रश्न उलटा असतो, कारण हवेतच इतका ओलावा असतो की कपडा दोन दिवस दमट राहतो आणि त्याला कुबट वास येतो. त्यामुळे पावसाळ्यात सॅटिन एका वेळी एकच धुवावे आणि छताच्या पंख्याखाली, भिंतीपासून हातभर दूर, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असे पसरावे. खिडकी उघडी ठेवण्याचा फायदा पाऊस उघडलेला असतानाच होतो. झड सुरू असताना ती बंद करून पंखा चालू ठेवणे बरे. चुलीच्या किंवा गॅसच्या वर दोरी बांधून वाळवण्याची पद्धत सॅटिनसाठी वर्ज्य आहे, कारण धूर आणि फोडणीची वाफ दोन्ही कापडात मुरतात.

सातवी पायरी: इस्त्री

इस्त्री नेहमी उलट बाजूने, मध्ये पातळ सुती कापड ठेवून करावी. पॉलिएस्टर आणि ॲसिटेटला एका टिंबाची, रेशमाला फार तर दोन टिंबांची उष्णता पुरते. रेशीम किंचित दमट असतानाच इस्त्री करावे, वरून पाणी शिंपडू नये, कारण थेंबांचे ठिपके उमटतात. इस्त्री घासण्याऐवजी दाबून उचलावी. पॉलिएस्टरची एखादी जागा जास्त तापली की धागे वितळून सपाट होतात आणि तेथे काचेसारखा वेगळाच चकाकणारा डाग कायमचा राहतो. कोळशाच्या इस्त्रीला उष्णता मोजण्याची सोय नसते, म्हणून नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे सॅटिन देऊ नये. तो कितीही अनुभवी असला तरी पॉलिएस्टरची सहनशक्ती हाताने ओळखता येत नाही. शक्य तेथे वाफेचे उपकरण कपड्यापासून थोडे अंतर राखून वापरावे. ते नसेल तर आंघोळीच्या वेळी कपडा न्हाणीघरात उंच टांगून ठेवला तरी हलक्या सुरकुत्या जातात.

डाग पडल्यावर

डाग पडताच ओल्या रुमालाने घासणे ही सर्वांत घातक सवय आहे. प्रथम कोरडे पांढरे फडके दाबून जे निघेल ते टिपून घ्यावे.

खोबरेल तेलाचा डाग आपल्याकडे सर्वांत जास्त, कारण केसांचे तेल गळ्याला आणि उशीच्या अभ्र्याला लागतेच. त्यावर टाल्कम पावडर किंवा मक्याचे पीठ जाडसर पसरून रात्रभर ठेवावे, सकाळी झटकावे आणि डाग पुरता उतरेपर्यंत पुन्हा पसरावे, मग धुवावे. हुमणाची किंवा कुठल्याही हळदीच्या रश्शाची गोष्ट निराळी: साबण लागताच हळदीचा पिवळा डाग लालसर होतो. साबणाच्या अल्कधर्मी गुणामुळे हा रंग बदलतो. घाबरून अधिक घासू नये, भरपूर थंड पाण्याने धुतल्यावर लाली उतरते. पॉलिएस्टरवर राहिलेला हळदीचा पिवळेपणा सकाळच्या कोवळ्या उन्हात, फक्त तेवढाच भाग उघडा ठेवून, दोन-तीनदा ठेवल्यास फिका होत जातो. रेशमावर हा प्रयोग न करता तो कपडा ड्रायक्लीनिंगला द्यावा. सोलकढीतील आमसुलाचा रंगही साबणाने निळसर-करडा होतो, म्हणून आधी केवळ थंड पाणी मागच्या बाजूने ओतून रंग बाहेर ढकलावा.

तांबडी चिखलमाती ओली असताना पुसली की धाग्यांत भरते. ती पूर्ण वाळू द्यावी, मऊ ब्रशने झाडावी आणि उरलेला डाग मग धुवावा. शिगम्याचा गुलालही असाच: आधी झटकायचा, पाणी शेवटी. मेणबत्तीचे मेण पडले असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घेऊन ते कडक करावे, अलगद उचलावे आणि राहिलेल्या अंशावर टीपकागद ठेवून अगदी मंद इस्त्री टेकवावी.

घाम दिसत नाही, पण सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. मे महिन्यातील लग्नात घातलेले सॅटिनचे ब्लाउज तसेच कपाटात गेले, तर पुढच्या चवथीपर्यंत काखेचा रंग बदललेला असतो. घामातील क्षार आणि डिओडरंटमधील ॲल्युमिनियमचे क्षार रेशीम कमजोर करतात. त्यामुळे घरी आल्यावर कपडा तासभर हवेशीर टांगावा आणि दुसऱ्याच दिवशी धुवावा. डिओडरंट आणि अत्तर अंगावर सुकल्यावरच कपडा घालावा.

ठेवणी

गोव्यातील बंद कपाट पावसाळ्यात बुरशीचे घर होते. कपडा पूर्ण कोरडा आणि डागरहित करूनच आत ठेवावा, कारण बुरशी आणि कसर दोघांनाही घामाचा व अन्नाचा अंश प्रिय असतो. दुकानातून येणारे प्लॅस्टिकचे आवरण दमटपणा कोंडून ठेवते; त्याऐवजी धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती चादरीत कपडा गुंडाळावा. घडीच्या रेषेवर धागे मोडतात, म्हणून शक्य असेल तर गोल गुंडाळी करावी, नाहीतर प्रत्येक घडीत मऊ कापडाची वळकटी घालून दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी. कपाट बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नये. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. डांबरगोळ्या कापडाला थेट टेकू नयेत. त्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवाव्यात. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा, आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा नक्की, सगळे कपडे सावलीत वारा देऊन पाहावेत. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर कपडा अंगणात नेऊन कोरडाच मऊ ब्रशने झाडावा, घरात झाडल्यास बुरशी इतर कपड्यांवर जाते; त्यानंतर तो धुवावा.

भरतकाम केलेला, अस्तर लावलेला किंवा अनेक थरांचा गाऊन सरळ ड्रायक्लीनिंगला द्यावा आणि देताना डाग कुठे आहे व कशाचा आहे ते दाखवून सांगावे. त्यावरून द्राव ठरवणे सोपे जाते. साध्या पॉलिएस्टरच्या परकरासाठी मात्र हा खर्च करण्यात अर्थ नाही.

वापरात एखादा धागा ओढला जाऊन फास बाहेर आला, तर तो कात्रीने कापू नये, कारण कापल्यावर दोन्ही टोके उसवत जातात. बारीक सुईने तो फास उलट बाजूला ओढून घ्यावा आणि कपड्याच्या उभ्या व आडव्या दिशेला हलका ताण देऊन धागा पुन्हा जागेवर बसू द्यावा.